आईच्या दोन पेट्या

लूथर पेटिफर्ड नॉरफोकहून निघाला तेव्हा त्याला एवढंच ठाऊक होतं की आई सापडली. हॅलेट काउंटीत येऊन पोचल्यावर कळलं की दोन सापडल्या आहेत.

जुन्या शाळेच्या दारात त्याची थोरली बहीण व्हरडेल उभी होती. पायात गमबूट, कमरेला स्वयंपाकाचा एप्रन तसाच, आणि चेहरा असा, की आल्या आल्या कोणी काही विचारू नये.

"जेवलास?" तिने विचारलं.

"जेवण राहू दे. कुठे आहे ती?"

"आत. पण आधी ऐकून घे."

लूथर ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. जहाजांच्या कारखान्यात उभा जन्म काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, आणि जे यायचं तेही तो निवडून घ्यायचा. तो सरळ आत गेला.

ही पूर्वी काळ्या मुलांची शाळा होती. काळी-गोरी सगळी मुलं एकाच शाळेत जायला लागली त्या वर्षी हिला कुलूप लागलं. पण पाया विटांच्या खांबांवर उचललेला, त्यामुळे नुकत्याच झालेल्या वादळात आसपासच्या घरांत पाणी शिरलं तरी हिची जमीन कोरडी राहिली. म्हणून नेक या खाडीत घुसलेल्या चिंचोळ्या जमिनीवरच्या दफनभूमीतून जे जे तरंगत आलं ते काउंटीच्या माणसांनी इथे आणून ठेवलं होतं. खिडकीखाली ऑटिसची पोलादी पेटी होती. हा थोरला भाऊ चार वर्षांपूर्वी गेला होता, आणि त्याच्या पेटीच्या पितळी कड्या अजून चकाकत होत्या.

"ऑटिस मेल्यावरही ऐटीत आहे बघ," लूथर म्हणाला. मग त्याची नजर पलीकडे गेली.

पलीकडे लाकडाच्या दोन पेट्या होत्या. पांढऱ्या देवदाराच्या, चिखलाने काळ्या पडलेल्या. लांबी तीच, रुंदी तीच, डोक्याकडचा उतारही तोच. जणू एका कारागिराने एकाच दुपारी दोन्ही केल्या असाव्यात.

"यातली आई कोणती?"

"डावीकडची," व्हरडेल म्हणाली.

"आणि ही?"

"तेच तर सांगत होते. ही कोण ते कुणालाच माहीत नाही."

लूथर एका पेटीपाशी गेला, मग दुसरीपाशी. आमच्याकडे कबरी खोल नसतात. गुडघाभर खणलं की पाणी लागतं, त्यामुळे माणूस मेला तरी त्याला फार खाली जाता येत नाही. वर दलदलीतली ती काळी माती. तिच्यात देवदाराचं लाकूड माणसाच्या दोन पिढ्या टिकतं. यंदा खाडी उलटून नेकवर आली, पेट्या बुचासारख्या वर आल्या आणि वाहत पुलाजवळच्या लव्हाळ्यात अडकल्या. काउंटीच्या डॉक्टरने झाकणं उघडून पाहिलं आणि परत लावली. दोन्ही बायका आहेत, फार तरुण नाहीत, फार म्हाताऱ्याही नाहीत, याच्यापुढे मला काही सांगता येणार नाही, असं तो म्हणाला.

"डावीकडच्या पेटीत निळ्या कापडाचे तुकडे निघाले," व्हरडेल म्हणाली. "आईला निळ्या झग्यात पुरलं होतं. मी अकरा वर्षांची होते, मला चांगलं आठवतंय."

"पांढऱ्या," लूथर म्हणाला.

"काय पांढऱ्या?"

"पांढरा झगा. शिंपल्यांची बटणं होती त्याला. उजवीकडच्या पेटीत काय निघालं?"

व्हरडेलने एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "बटणं."

"शिंपल्यांची?"

"लूथर, तू पाच वर्षांचा होतास. तुला तेव्हा स्वतःच्या चड्डीचं बटण लावता येत नव्हतं, आणि आईच्या झग्याची आठवतात?"

"आठवतात. मी काय करू, आठवतात!"

दोघं भावंडं दोन पेट्यांच्या मधे उभी राहिली. व्हरडेलचा हात डाव्या झाकणावर होता आणि लूथरचा उजव्या. इतक्या वर्षांत दोघांनी पुष्कळ गोष्टींवर वाद घातला होता, पण आई कोणती यावर घालावा लागेल असं कुणाच्याही स्वप्नात आलं नव्हतं. व्हरडेलला आपल्या तळहाताखालचं लाकूड एकदम परकं वाटलं. तिने हात काढून घेतला, आणि लूथरचं लक्ष नाही असं पाहून पुन्हा ठेवला.

*

माउंट पिस्गा चर्चच्या मुदपाकखान्यात मोझेल मासे तळत होती आणि डेनीस कोलार्डची पालेभाजी चिरत होती. मोझेल ऑटिसची विधवा. डेनीस लूथरची मुलगी. बापाने हॅलेट सोडून नॉरफोकला घर केलं, आणि ही तिथे वाढून, शिकून, नवऱ्याला घेऊन उलट इकडे शिक्षिका म्हणून आली. त्या गोष्टीवरून बापलेकीत अजून अढी होती.

डेनीस चौथीच्या मुलांना काउंटीचा इतिहास शिकवायची. फळ्यावर नकाशा काढताना तिचा खडू अर्धा वेळ पाण्यातच फिरायचा, कारण आमची काउंटी म्हणजे उंदरांनी कुरतडलेला रुमाल. जमीन कमी, कडा जास्त. गुलामांनी खणलेले कालवे, मग देवदार तोडणारी गिरणी, मग शिंपल्यांतली कालवं सोलणारे कारखाने, असा धडा होता. त्या काळी हिवाळ्यात बंदरात इतकी माणसं असायची की रविवारी तिन्ही चर्चमध्ये उभं राहावं लागे. दर दहा वर्षांनी सरकारची माणसं डोकी मोजायला येतात, आणि दर वेळी त्यांचं काम हलकं होतं. "मग सगळे गेले कुठे, मिस?" असं मुलं विचारायची. "तुमच्या मामाकडे," ती सांगायची आणि वर्ग हसायचा, कारण प्रत्येकाचा एक तरी मामा नॉरफोकला किंवा बाल्टिमोरला होताच.

"मोझेल काकू, तुम्ही आत्याच्या बाजूने बोलाल ना?" डेनीसने विचारलं. "डॅडी आजीला नॉरफोकला न्यायचं म्हणतायत. हिरवळीतलं स्मशान आहे, दगडी फाटक आहे."

"चाळीस वर्षं मी व्हरडेलच्याच बाजूने बोलले," मोझेल मासा उलटत म्हणाली. "या खेपेला नाही. तिला सगळ्यांना परत नेकवरच पुरायचंय. माझा नवरा एकदा पोहायला गेला तेवढं पुरे. ऑटिस इथे चर्चच्या मागे, टेकाडावर राहील. सासूबाईंना तुम्ही कुठेही न्या."

"टेकाड म्हणे! पायरीएवढं उंच नाही ते."

"आपल्याकडे तेवढं म्हणजे डोंगर, बाई. नाव उगाच माउंट ठेवलंय का?"

तेवढ्यात मागच्या दाराने व्हरडेल आणि लूथर भांडतच आत आले. त्यांच्या मागून काठी टेकत एझेल मामा. हा त्यांच्या आईचा धाकटा भाऊ. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण मासे तळल्याचा वास त्याला पुलापलीकडून यायचा.

"तुला आई नकोय व्हरडेल, तुला रस्ता हवाय!" लूथर म्हणत होता. "मला काय कळत नाही? नेकचा रस्ता आता दुरुस्त करायचा नाही असं काउंटीच्या बोर्डाने ठरवलंय. तिकडे उरलात तुम्ही पाच-सात म्हातारी माणसं. कबरी तिथे असल्या तर रस्ता सोडता येणार नाही, असा तुझा हिशोब आहे."

"आईही हवी आणि रस्ताही हवा," व्हरडेल शांतपणे म्हणाली. "त्यात चोरी कसली? आपला पणजोबा इसम पेटिफर्ड याने गुलामी सुटल्यावर ती दलदल विकत घेतली तेव्हा लोक हसले होते. म्हणाले, पाणी विकत घेतलंस. त्याने हाताने चर खणून त्याची जमीन केली. मी ती काउंटीच्या माणसांना, खुर्चीत बसून, पाण्याला परत देऊ देणार नाही."

"डॅडी, आत्याचं बरोबर आहे," डेनीस म्हणाली.

"तू गप्प. तू तर नॉरफोक सोडून डासांत आलीस."

"आणि तुम्ही डास सोडून नॉरफोकला गेलात. आपल्या घरात कुणालाच आहे तिथे राहवत नाही."

मोझेल हसली आणि तिने ताटल्या मांडल्या. मासे, कोलार्ड, मक्याचा पाव. लूथर रागात होता, तरी बसला. पहिला घास घेतल्यावर काही क्षण त्याने डोळे मिटले, आणि ते व्हरडेलने पाहिलं.

"मामा, तुम्हीच सांगा," डेनीसने म्हाताऱ्याच्या ताटलीतल्या माशाचे काटे काढत विचारलं. "तुम्ही आजीला खांदा दिला होता ना? निळा झगा की पांढरा?"

"निळा," एझेल मामा म्हणाला.

"बघ!" व्हरडेल म्हणाली.

"नाही, थांबा. निळा माझ्या बायकोचा होता. लेनोराचा, तुमच्या आईचा, पांढरा असेल."

"बघ!" लूथर म्हणाला.

"की लेनोराला चादरीत गुंडाळलं होतं?" मामा घास हातात धरून थांबला. "तापाची साथ होती रे. त्या हिवाळ्यात बंदरावर माणसं पटापट जात होती. कापड कुणी पाहिलं? आम्ही पेटी बंद करूनच उचलली. दोन्ही."

मोझेलने कढईखालचा जाळ बंद केला.

"दोन्ही म्हणजे?" लूथरने विचारलं.

"लेनोराची आणि त्या बाल्टिमोरवालीची. कालवं सोलायला यायच्या ना बाया, हिवाळ्यात, जहाज भरभरून? त्यातली एक. अगाथा... की ऑगस्टा. 'अ' वरून काहीतरी होतं. ज्या दिवशी लेनोरा गेली त्याच दिवशी तीही गेली. तिच्या बरोबरच्या बाया तापाला भिऊन पळाल्या. कारखान्याचा मालक म्हणाला, चुन्याच्या खड्ड्यात टाका. तर तुझा बाप म्हणाला, मी माझ्या बायकोसाठी खड्डा खणतोच आहे, एक हात आणखी रुंद खणतो. फळ्या त्याच, खिळे तेच. दोघींना शेजारी शेजारी ठेवलं."

"आजपर्यंत हे कधी बोलला नाहीत?" मोझेल म्हणाली.

"विचारलं कुणी? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"पण दगड एकच होता तिथे," व्हरडेल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी तर दर इस्टरला जाते. मी स्वतः होते पुरताना तिथे. आई निळ्या झग्यात, डोक्याखाली उशी..."

"तू कुठली असणार?" मामा सहज म्हणाला. "तुम्हा पोरांना ताप लागू नये म्हणून पुलापलीकडे माझ्या आईकडे ठेवलं होतं ना. पंधरवडाभर. तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस."

व्हरडेलने हातातला पाव ताटलीत ठेवला. निळा झगा, उशी, उशीची लेस, शेजारी लावलेली मेणबत्ती, सगळं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं, आत्तासुद्धा. मग ते कुणाचं होतं? मामीचं? की तिने ऐकलेल्या कुठल्या प्रवचनातलं, कुठल्या गाण्यातलं?

"लूथर," तिने हळूच विचारलं, "तुला पांढऱ्या झग्याचं कोणी सांगितलं?"

"तूच," तो म्हणाला. "मी लहान असताना रात्री घाबरलो की सांगायचीस. आई पांढऱ्या झग्यात गेली, बटणं चांदण्यासारखी चमकत होती."

"मी पांढरा सांगितला?"

"पांढराच."

व्हरडेल भावाकडे पाहत राहिली. मग एकदम उठली आणि नळाखाली हात धुवू लागली. हात स्वच्छ होते तरी ती धूतच राहिली. डेनीसने तिच्यामागे जाऊन नळ बंद केला. 

*

दुसऱ्या दिवशी दुपारी लूथर बहिणीला गाडीत घालून नेककडे निघाला. बोलायचं नाही असं ठरवून दोघं निघाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं वाळून पांढरी पडली होती. समुद्राचं पाणी मुळांशी चढलं की झाड उभ्या उभ्या मरतं. लहानपणी लूथर इथून पळत जायचा तेव्हा इतकी दाट सावली असायची की भरदुपारी भीती वाटे. आता आभाळ थेट गाडीत येत होतं.

पुढे रस्ता नव्हताच. डांबराचा एक तुकडा वाळूवर आडवा पडला होता, त्याच्यापलीकडे पाणी. ते गाडीतून उतरले आणि व्हरडेलने दिलेले गमबूट चढवून लूथर तिच्या मागून चालू लागला. वाटेत तिचं घर लागलं. पाण्याची रेघ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलेली, ओसरीवर चिखल, आणि खांबाला दोरीने बांधलेली तिची खुर्ची.

"खुर्ची का बांधलीस?"

"जाताना घर बांधता येईना, म्हणून," ती म्हणाली.

दफनभूमीत बापाचा दगड जागेवर होता. जोसाया पेटिफर्ड. त्याच्या उजव्या अंगाला जमीन फाटली होती आणि त्या रुंद खड्ड्यात पाणी भरलं होतं. दोन माणसांचा खड्डा. लूथरने पाहिलं, मधे मातीची भिंत नव्हतीच. म्हातारा एझेल म्हणत होता ते खरं होतं.

बापाला तो कठोर माणूस म्हणूनच ओळखत होता. कमी बोलणारा, पट्टा काढायला वेळ न लावणारा. अठराव्या वर्षी त्याच्याशी भांडूनच लूथर इथून गेला होता. आणि हा माणूस, बायको गेली त्या दिवशी, पदरी दोन लहान आणि एक वयात आलेलं पोर असताना, एका परक्या बाईसाठी फावडं मारत होता. त्याने हे कधी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. लूथरने वाकून बापाच्या दगडावरचा चिखल पुसला. आपल्याला राग आलाय की अभिमान वाटतोय, हे त्याला कळेना, आणि इतक्या उशिरा ते कुणाला विचारणार?

"व्हरडेल," तो म्हणाला, "त्यांना इथेच परत ठेवू. दोघींना."

ती खड्ड्याच्या काठाशी वाकली होती. तिने मान वर केली नाही.

"ऐकलंस का? मी म्हणतोय, नॉरफोक नको. बापाने ज्या जागी ठेवल्या तिथेच ठेवू. मी बोर्डाकडे येतो तुझ्याबरोबर. रस्त्यासाठी मी भांडतो. मला भांडता येतं."

"मासा आहे यात," व्हरडेल म्हणाली.

"काय?"

"आईच्या कबरीत मासा आहे, लूथर. बोईट. बघ."

खरंच, गढूळ पाण्यात बोटाएवढी बोईटांची पिल्लं फिरत होती. दोघं बघत राहिली. ओहोटी होती, तरी पाणी उतरलेलं नव्हतं. खाडी आता इथेच राहायला आली होती.

"मी आख्ख्या काउंटीला सांगत फिरले की नेक जाणार नाही," व्हरडेल म्हणाली. "काल रात्रीपर्यंत माझा विश्वास होता. पण काल रात्रीपर्यंत माझा निळ्या झग्यावरही विश्वास होता." ती सरळ उभी राहिली. "नाही ठेवायची आई इथे. पुढच्या वादळात पुन्हा निघेल आणि तेव्हा शोधायला आपण नसू. डेनीस तरी किती वेळा लव्हाळ्यात उतरणार?"

"अगं, पण काल तर तू..."

"काल तू नॉरफोक म्हणत होतास."

"मग आज मी तुझ्या बाजूला आलो, तर तू तिथून निघालीस!"

"मी काय करू? तू यायला पन्नास वर्षं लावलीस," ती म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं. हसता हसता तिने बापाच्या दगडाचा आधार घेतला. लूथर आधी चिडला, मग तोही हसला.

"आणि तू? तुझं घर?" त्याने विचारलं.

"माहीत नाही रे. आज मला काहीच माहीत नाही. आधी त्यांचं होऊ दे."

*

शनिवारी सकाळी माउंट पिस्गाच्या मागच्या टेकाडावर तिघांसाठी खड्डे तयार होते. ऑटिसचा मोझेलने स्वतः उभं राहून खणून घेतला होता, चांगला खोल, आणि तळाला कोरडी वाळू लागली तेव्हा तिने खणणाऱ्याला मिठी मारली होती. दुसऱ्या दोघींच्या खड्ड्याबद्दल थोडा घोळ झाला. लूथरने एकच रुंद खणायला सांगितलं होतं आणि व्हरडेलने दोन वेगळे. खणणाऱ्यांनी दोन वेगळे सुरू केले आणि मग मधली भिंत पाडून टाकली. बघितलं तर दोघांचंही म्हणणं राहिलं होतं आणि कुणाचंच राहिलं नव्हतं.

माणसं बरीच जमली. पुलापलीकडची, बंदरावरची, नेकवरची उरलेली सगळी, आणि नॉरफोकहून गाड्या भरून आलेली. डेनीसने तिच्या वर्गातल्या मुलांच्या आयाही आणल्या होत्या. इतकी माणसं हॅलेटमध्ये एकत्र उभी राहिलेली व्हरडेलने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. उद्या ती सगळी परत जातील, हेही तिला दिसत होतं.

देवदाराच्या पेट्या उचलताना पुन्हा गोंधळ झाला. शाळेत डावीकडची कोणती आणि उजवीकडची कोणती हे सगळ्यांना पाठ होतं. पण ट्रकमध्ये एक आधी चढली, इथे दुसरी आधी उतरली, आणि मोझेलच्या भाच्यांनी त्या चर्चला वळसा घालून आणल्या. पेट्या दोऱ्यांवर तोलल्या गेल्या तेव्हा व्हरडेलने लूथरकडे पाहिलं, लूथरने तिच्याकडे. झगा कुठला आणि बटणं कुठली, दोघांनाही सांगता येत नव्हतं. ओरडून थांबवावं, झाकणं उघडायला लावावीत, असं व्हरडेलच्या अगदी ओठांवर आलं. लूथरने तिचा दंड धरला.

"राहू दे," तो म्हणाला.

"पण लूथर, कोणती..."

"राहू दे गं."

पेट्या खाली गेल्या. कुणीतरी जुनं भजन उचललं आणि ते हळूहळू सगळ्यांच्या गळ्यात चढलं. पास्टर तरुण होते, दोनच वर्षांपूर्वी या चर्चवर आलेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी डेनीसकडून सगळं समजून घेतलं होतं, तरी भजन संपल्यावर ते अडखळले. खड्ड्याच्या काठावरून ते व्हरडेलपाशी आले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर व्हरडेल, माफ करा, पण प्रार्थनेत नाव घ्यावं लागेल. एकीचं लेनोरा. दुसरीचं काय घेऊ? अगाथा की ऑगस्टा? आणि कोणत्या बाजूला कोणतं?"

 एझेल मामा मान वाकडी करून ऐकू लागला.

व्हरडेलने खाली पाहिलं. दोन झाकणं, दोन्हींवर सारखीच ओली माती. बाल्टिमोरला कुणीतरी किती तरी वर्षं दाराकडे बघत बसलं असेल, आणि मग तेही मेलं असेल. इकडे मात्र दर इस्टरला कुणीतरी फुलं आणून ठेवत होतं. त्यातली कोणाच्या वाट्याला गेली, हे फुलं आणणारीला ठाऊक नव्हतं.

"दोन्हीकडे आईचंच घ्या," ती म्हणाली.

"दोघींना लेनोरा म्हणू?"

"म्हणा. कोणती तरी आमची आहेच. आणि दुसरीला इतकी वर्षं कुणी नावाने हाक मारली नाहीये, ती काही तक्रार करायची नाही."

पास्टरनी लूथरकडे पाहिलं. लूथरने मान हलवली. तेव्हा त्यांनी टोपी छातीशी धरली आणि एका बाजूला वळून म्हटलं, "लेनोरा पेटिफर्ड, पत्नी आणि आई." मग दुसऱ्या बाजूला वळले आणि अगदी त्याच आवाजात, एक शब्दही कमी न करता, पुन्हा तेच म्हटलं. व्हरडेलने मूठभर वाळू आधी इकडे टाकली, मग तिकडे. लूथरने आधी तिकडे टाकली आणि मग इकडे.